छत्तीस वळणांचा हिशोब

घाटात सायकलवाला दिसला की गाडीतले लोक काच खाली करून अंगठा दाखवतात. काय जिद्द आहे, असं एकमेकांना म्हणतात आणि पुढं जातात. मला या जिद्दीचं फारसं कौतुक नाही. जिद्दीच्या जोरावर निघालेला गडी चौथ्या-पाचव्या वळणावर कठड्याला टेकून बसलेला सापडतो. वर पोचतो तो गिअरचे दात मोजणारा, केळी मोजणारा, घड्याळाकडं बघत चालणारा माणूस. स्वभावानं तो वीरापेक्षा कारकुनाच्या जवळचा. हे पटत नसेल तर म्हैसूरला जावं. तिथं एका दिवसात दोन डोंगर चढता येतात. एक शहराला चिकटून असलेला चामुंडीचा, आणि दुसरा शंभरेक किलोमीटरवर निलगिरीचा, कल्लट्टी घाटाचा.

चामुंडी डोंगराची उंची सुमारे १०६० मीटर. म्हैसूर शहरच मुळात साडेसातशेच्या वर वसलेलं, त्यामुळं प्रत्यक्ष चढ तीनशे मीटरांच्या आत-बाहेर. पुण्याच्या सायकलवाल्याला मोजमाप हवंच असेल तर सिंहगडाच्या रस्त्याचा साधारण निम्मा. तरीही म्हैसूरचे सायकलवाले या निम्म्या सिंहगडावरच तयार होतात, कारण तो त्यांच्या दाराशी आहे. नजरबादमधून निघालं की ललितमहालाच्या बाजूनं पंधरा-वीस मिनिटांत रस्ता चढायला लागतो. ऑफिसच्या आधी एक फेरी मारून, अंघोळ करून, डबा घेऊन वेळेवर कामावर जाणारे लोक इथं कितीतरी आहेत.

पहाटे साडेपाचला मी चढायला लागलो तेव्हा रस्त्यावर माझ्याआधी फुलवाल्यांच्या दुचाक्या होत्या. मागं मोगऱ्याचे हारे बांधलेले. मग चालणारे. मग हेडलाइट लावून सावकाश चढणारी, पन्नाशीच्या पुढची एक बाई. तिची सायकल माझ्यापेक्षा जुनी आणि श्वास माझ्यापेक्षा शांत. माझ्याकडं न बघताच तिनं कानडीत सांगितलं, ‘निधान, निधान.’ सावकाश. एवढा एकच सल्ला त्या दिवसभरात मला सगळ्यांकडून मिळाला, आणि तो बरोबर होता.

डोंगरावर जायला पायऱ्याही आहेत, हजाराच्या आसपास. लोक १००८ म्हणतात. सतराव्या शतकात, दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळात त्या बांधल्या गेल्या. वाटेतला एका पाषाणातला प्रचंड नंदीही त्यांच्याच काळातला. नवस बोललेल्या बायका आजही प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढतात. एक पायरी, वाकणं, बोट टेकणं, पुढची पायरी. हजार वेळा. शरीराच्या कष्टाच्या हिशेबात आम्ही सायकलवाले यांच्यापुढं काहीच नाही, पण अंगठा आम्हाला दाखवला जातो. वरचं देवळाचं गोपुर १८२७ मधलं, मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांनी उभारलेलं. आषाढातल्या शुक्रवारी इथं इतकी गर्दी लोटते की खासगी गाड्या खालीच अडवून भाविकांना बसनं वर नेतात. त्या दिवशी सायकलवाल्यानं दुसरीकडं जावं हे उत्तम. एरवी मात्र डोंगर चारी बाजूंनी खुला असतो: शहराकडून, नंदीकडून, उत्तनहळ्ळीकडून, नंजनगूड रस्त्याच्या अंगानं. २०२१ च्या पावसात नंदीकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा खचला होता. डोंगर काही दगडाचा अखंड गोळा नाही, त्यावर सतत बांधकाम वाढत असतं, याची आठवण शहराला तेव्हा झाली.

तीनशे मीटरांच्या या चढावर वेड्यांसाठीही एक खेळ आहे. त्याला एव्हरेस्टिंग म्हणतात. एकच चढ निवडायचा आणि एकाच दमात इतक्यांदा वर-खाली करायचा की चढलेल्या उंचीची बेरीज ८८४८ मीटर व्हावी. झोपायचं नाही. चामुंडीवर हा प्रयोग म्हणजे तीसच्या आसपास फेऱ्या. एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरीच्या नातवानं, त्याचंही नाव जॉर्ज मॅलरीच, १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरावर हे पहिल्यांदा केलं. पुढं त्याचे नियम ठरले आणि जगभर साथ पसरली. मला यात शौर्यापेक्षा जमाखर्चच जास्त दिसतो. तिसाव्या फेरीत माणूस डोंगर चढत नसतो, उरलेली बेरीज पुरी करत असतो.

मी एकच फेरी केली. दिवस मोठा होता.

आता दातांविषयी. आदल्या संध्याकाळी सायकल तपासून घ्यायला मी देवराज मार्केटच्या मागच्या बाजूला एका दुकानात गेलो होतो. दुकानदार घरात मराठी बोलणारा, पण लिहिणं-वाचणं सगळं कानडीत. म्हैसूरला असे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. संस्थानाच्या दिवाणांतही व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव ही मराठी घराण्यांतली नावं सापडतात. आमच्या मिस्त्रीच्या मराठीत क्रियापदं कानडी वळणानं येत होती, पण गिअरच्या बाबतीत भाषा अगदी स्वच्छ. त्यानं मागची कॅसेट बोटानं फिरवली, सगळ्यात मोठं चक्र मोजलं आणि म्हणाला, ‘अठ्ठावीस? कल्लट्टीला? चालत जाणार असाल तर ठीक आहे हं.’

त्यानं बत्तीस दातांचं चक्र असलेली कॅसेट बसवून दिली. फरक किती पडतो ते सांगतो. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागं २८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढं जाते. मागं ३२ असतील तर सव्वादोन मीटर. कल्लट्टीसारख्या चढावर माझ्यासारख्याचा वेग ताशी सात किलोमीटर. या वेगाला अठ्ठावीस दातांवर मिनिटाला पंचेचाळीस-सेहेचाळीस फेरे पडतात, बत्तिसावर बावन्न. फरक सहा फेऱ्यांचा. पण गुडघ्याला विचारा. पंचेचाळीसच्या खाली प्रत्येक फेऱ्याला मांडी जिना चढल्यासारखी दाबावी लागते आणि तासाभरानं पोटऱ्यांत गोळे येतात. आपल्या गावाकडच्या काळ्या सायकलीला पुढं साधारण ४४ आणि मागं १८ दात. त्या सायकलवर हाच वेग ठेवायचा तर मिनिटाला बावीसच फेरे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सगळं अंग पायडलवर टाकायचं. म्हणूनच दूधवाला घाटात उतरून सायकल हातात धरतो. त्यात कमीपणा नाही, त्याचं गणित चोख आहे.

पहाटेची चामुंडी उरकून मी उत्तनहळ्ळीच्या बाजूनं उतरून नंजनगूडच्या रस्त्याला लागलो. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. शहरात राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत हत्तींच्या तालमी चालू होत्या. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी वाहायची असते, म्हणून आधी नुसतं चालवतात, मग पाठीवर वाळूची पोती, मग लाकडी अंबारी, असा भार हळूहळू वाढवत नेतात. कुठल्याही सायकल प्रशिक्षकाच्या वहीत याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं.

नंजनगूडपर्यंतचे तेवीस-चोवीस किलोमीटर सपाट आणि कंटाळवाणे आहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गावाच्या तोंडाशी कपिला नदीवरचा दगडी पूल मात्र थांबून बघावा. १७३५ सालचा. दळवाई देवराजय्यांनी बांधलेला. याच पुलावरून पुढं रेल्वेही धावली. नंजनगूडच्या नावावर एक केळंही आहे, रसबाळे. भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि मर रोगानं जवळजवळ संपत आलेलं. मला अर्थात ते मिळालं नाही. गाडीवर होती ती वेलची केळी, बोटभर लांबीची. सायकलवाल्याला हीच बरी. सालीसकट खिशात मावतात, एकाच घासात संपतात.

खाण्याचा हिशोब दातांइतकाच काटेकोर ठेवावा लागतो. शरीरात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या घरातली. जोर लावून तासभर सायकल चालवली की पाच-सहाशे जातात. पोट तासाला फार तर साठ ते नव्वद ग्रॅम साखर पचवून रक्तात सोडतं, त्याहून जास्त कोंबलं तर पोटच बंड करतं. म्हणजे खर्च नेहमी जमेपेक्षा मोठा. तूट भरून काढता येत नाही, लांबवता येते. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं. नंजनगूडला चार इडल्या, एक कॉफी आणि बांधून घेतलेली केळी. म्हैसूरपाक आदल्या दिवशी खाऊन झाला होता, आणि तो आदल्या दिवशीच खावा. एवढं तूप पोटात घेऊन घाटात जाऊ नये.

गुंडलुपेट साठाव्या किलोमीटरला. झेंडूची आणि सूर्यफुलांची शेतं बरीचशी काढून झाली होती. डावीकडचा रस्ता जंगलाकडं जातो. उजव्या अंगाला दूर ढगात हिमवद गोपालस्वामी बेट्ट, १४५४ मीटर. चढ सुरेख आहे म्हणतात, पण तो वनहद्दीत येतो. खासगी गाड्या पायथ्याशीच ठेवून सरकारी बसनं वर जावं लागतं. सायकलवाल्यानं लांबूनच नमस्कार करावा.

खरा प्रश्न पुढं होता. गुंडलुपेटनंतर बंडीपूर, मग राज्य बदललं की मुदुमलै. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत बंडीपूर होतं. त्याआधी हा महाराजांच्या शिकारीचा मुलूख. २००९ पासून इथून जाणाऱ्या महामार्गांवर रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते, मोजक्या बसगाड्या आणि रुग्णवाहिका सोडून. अंधारात गाड्यांखाली जनावरं मरत होती म्हणून ही बंदी आली. केरळातून तिला बराच विरोध झाला, प्रकरण न्यायालयांत गेलं, बंदी टिकली. दिवसा गाड्या जातात. पण हत्तीच्या समोर गाडीतला माणूस आणि सायकलवरचा माणूस यांत फरक आहे. सायकलला ना पत्रा, ना रिव्हर्स गिअर. एकट्यानं हे जंगल सायकलवरून ओलांडणं म्हणजे धाडस नव्हे, शेजाऱ्याच्या घरात न विचारता शिरणं.

मी गुंडलुपेटला भाजीच्या एका टेम्पोत सायकल टाकली. ड्रायव्हर निलगिरीतून गाजर-कोबी आणायला रिकामा निघाला होता. मोबदला आधीच ठरला. माझ्या ‘एकट्यानं केलेल्या’ दिवसात हे बसतं का, असं कुणी विचारील. विचारू दे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रॅम’ शर्यत लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्यानं पूर्ण केली. अशी ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. पण त्या एकटेपणामागं गाडी, चालक, स्वयंपाकी, मालिश करणारा असा सगळा संसार चालत असतो. नियमच तसा आहे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये जगाची प्रदक्षिणा करून आली ती मात्र मागं गाडी न घेता, सामान सायकलवर लादून. दोघांनाही सोलोच म्हणतात. मग बारा आण्यांच्या आमच्या सोलोत एक टेम्पो खपून जावा.

टेम्पोच्या खिडकीतून चितळ दिसली, गतिरोधकांची न संपणारी रांग दिसली, तेप्पकाडूची हत्तींची छावणी दिसली. तिथून डावीकडं मसिनगुडी. ड्रायव्हरनं सायकल उतरवून दिली, घाटाकडं हनुवटीनं खूण केली आणि हसला.

मसिनगुडी पर्जन्यछायेत. पलीकडच्या गुडलूरला पावसानं झोडपलेलं असताना इथं काटेरी झुडपं आणि धूळ. समोर निलगिरीची भिंत सरळ उभी. रस्ता काही अंतर बऱ्यापैकी सपाट जातो आणि मावनल्ल्याच्या पुढं एकाएकी वर बघायला लागतो. तिथून तलैकुंद्यापर्यंत बारा-तेरा किलोमीटर, छत्तीस हेअरपिन वळणं, आणि चढ हजार-अकराशे मीटरांचा. सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास. सरासरी हा शब्द फसवा आहे. वळणांच्या मधले काही तुकडे याहून बरेच उभे आहेत.

नऊ टक्के म्हणजे काय, हे कळायला याच डोंगराची दुसरी बाजू बघावी. मेट्टुपाळयमहून उटीला जाणारी निलगिरीची रेल्वे १९०८ साली उटीला पोचली. आशियातला सगळ्यात उभा रेल्वेमार्ग तिचा. कल्लार ते कुन्नूरच्या टप्प्यात दर १२.२८ मीटरला एक मीटर, म्हणजे ८.१४ टक्के. एवढ्या चढावर साध्या रुळांवरून चाकं घसरतात, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातांची पट्टी टाकलेली आहे आणि इंजिनाचं दातेरी चक्र तिच्यात अडकवत गाडी वर चढते. आपल्या बोरघाटात जुन्या इंजिनांना मागून दुसरं इंजिन लावून ढकलावं लागे, तिथला चढ ३७ला एक, पावणेतीन टक्के. इंग्रज इंजिनिअरांनी दात बसवल्याशिवाय जे केलं नाही, ते कल्लट्टीच्या रस्त्यावर सरासरीनं आहे. माझ्यापाशी दात होते. बत्तीस.

पहिली सहा-सात वळणं घाईची असतात, पाय ताजे असतात. तिथंच पैसा उधळला जातो. म्हैसूरच्या त्या बाईचं ‘निधान’ आठवून मी वेग सातच्या वर जाऊ दिला नाही. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले तर एवढ्यालाही दीडशे वॉटच्या आसपास सतत द्यावे लागतात. घरातल्या दोन पंख्यांइतकी वीज, पण पावणेदोन-दोन तास, एकदाही बटण बंद न करता. तळापासून वरपर्यंत नुसतं वजन उचलण्याचं काम साडेआठ-नऊशे किलोज्यूल. शरीर खाल्लेल्यापैकी जेमतेम पाव भाग कामाला लावतं, बाकीची उष्णता. म्हणजे या एका घाटाची किंमत नऊशे कॅलरी. सोळा-सतरा वेलची केळी. एवढी केळी दोन तासांत कुणी खाऊ शकत नाही. चार खाल्ली, उरलेलं सकाळच्या इडल्यांकडून आणि मांड्यांकडून वसूल झालं.

वळणाचं एक तंत्र आहे. आतली बाजू जवळची पण उभी, बाहेरची लांब पण सौम्य. वरून गाडी येत नसेल तर बाहेरून जायचं, तेवढ्या दहा-पंधरा फेऱ्यांत श्वास परत येतो. वरून गाड्या येतातही कमी. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये चेन्नईहून आलेल्या पर्यटकांची एक गाडी इथं दरीत कोसळली. ती सापडेपर्यंत दोन दिवस गेले. त्यानंतर बाहेरच्या गाड्यांना या घाटानं उतरायला मनाई झाली, चढायला परवानगी. ब्रेक तापून निकामी होणं हे इथल्या अपघातांचं जुनं कारण. सायकललाही तोच नियम लागू व्हावा असं माझं मत. चढताना जे नऊशे किलोज्यूल साठवले ते उतरताना कुठंतरी टाकावे लागतात, आणि सावकाश उतरणाऱ्याचे ते बहुतेक ब्रेकमध्येच जातात. एवढ्या उष्णतेत पावणेतीन लिटर पाणी उकळेल. रिमला घासणाऱ्या रबरी गुटक्यांकडून एवढी अपेक्षा ठेवू नये.

अर्ध्या वाटेवर हवा बदलली. काटेरी झुडपं मागं पडली, गवत आलं, मग निलगिरीची झाडं. घाम थंड पडायला लागला. एका वळणावर माकडांच्या टोळीनं माझ्या पिशवीचा अंदाज घेतला आणि खिशातली दोन केळी त्यांनाच मिळतील अशी लक्षणं दिसू लागली. थांबलो असतो तर मिळालीच असती. पुढं एका तुकड्यावर वेग पाचाच्या खाली आला, पुढचं चाक डावीकडं-उजवीकडं डोलायला लागलं. उतरलो. शंभर-दीडशे पावलं सायकल हातात धरून चाललो. चालण्याचा वेग चार, सायकलचा पाच. नाडी मात्र वीस-पंचवीस ठोक्यांनी खाली आली. स्वस्तात मिळणारी विश्रांती कारकून नाकारत नाही.

इथं शर्यतीही होतात. २००८ पासून ‘टूर ऑफ निलगिरीज’ ही अनेक दिवसांची सायकलयात्रा भरते, म्हैसूरशी तिचा जुना संबंध आहे, आणि कल्लट्टी हा तिचा सगळ्यात नावाजलेला टप्पा. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. कल्लट्टीवर जे पट्टीचे येतात ते माझ्या निम्म्या वेळात वर जातात. त्यांचं गणित वेगळं नाही, आकडे मोठे आहेत.

तलैकुंद्याला घाट संपतो तेव्हा गाजराचे ढीग लागलेले होते, मातीसकट. उटी तिथून थोडीच पुढं, २२४० मीटरवर. गावात शिरल्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. चहा, चॉकलेटची दुकानं आणि हॉर्न, हे कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी असतं. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. बस गुडलूरवरून जाणार, पाच तासांचा रस्ता, आणि नऊच्या आत जंगलाबाहेर पडायचं. साडेतीनची गाडी मिळाली. पुढचं चाक काढून सायकल डिकीत आडवी घातली.

कंडक्टरनं सायकलचं लगेज वेगळं फाडलं. मग रिकाम्या सीटवर येऊन बसला, कुठून चढलात विचारलं. कल्लट्टी म्हटल्यावर जीभ चावली. ‘पुढच्या वेळी कोटगिरीकडून चढा,’ तो म्हणाला. ‘मेट्टुपाळयमहून. चढ सौम्य, आणि त्या रस्त्यानं उतरायलाही कुणी अडवत नाही.’ अंतर विचारलं, तेहतीस किलोमीटर. मेट्टुपाळयम सव्वातीनशे मीटरच्या आसपास, कोटगिरी पावणेअठराशेच्या. मी लगेजच्या तिकिटामागं भागाकार मांडला. साडेचार टक्केही नाही. अठ्ठावीस दातांची जुनी कॅसेट त्याला पुरेल.